रेघेच्या वरचं पाणी

मी एक जुनी पट्टी आहे. शिंप्याच्या गळ्यातली नव्हे आणि मास्तरांच्या हातातली तर मुळीच नव्हे. खैरी नाल्यात उभी राहून पाणी किती आहे ते सांगणारी लोखंडी पट्टी. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणते खरी, पण तुमच्यातले कितीजण माझ्यावर गोटे मारून नेम शिकले, ते मला तोंडपाठ आहे.

माझा जन्म नागपूरच्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, त्यावर पांढरा मुलामा चढवला, काळे आकडे काढले आणि भट्टीत भाजलं. भाजून निघालेली आहे मी, उगाच तोंड चालवत नाही. मग पाण्याचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या गाडीतून चामोर्शीच्या पुढे, या नाल्यावर आले. खालच्या टोलीच्या, म्हणजे खालच्या वस्तीच्या, माणसांनी गोटे आणि सिमेंट घालून मला पाण्यात रोवलं. बाई, इथे उभी राहशील का, असं कोणी विचारलं नाही. सुनेला निदान लोकलाजेने तरी विचारतात.

मला इथे का रोवलं ते ऐका. नाला एक आणि टोल्या दोन. वरच्या टोलीने नाल्यावर मोटारी बसवल्या. खालच्या टोलीचा धान माझ्या पुढे, पाटाच्या पाण्यावर. पाऊस लवकर गेला की दोन्ही टोल्या एकमेकांच्या सात पिढ्या काढत. शेवटी ग्रामसभेत ठरलं आणि माझ्या अंगावर एक लाल रेघ ओढली. पाणी रेघेच्या वर असलं तर वरच्यांनी मोटारी चालवाव्या. रेघेच्या खाली गेलं की मोटारी बंद, मग पाणी खालच्यांचं. रोज सकाळी दोन्ही टोल्यांचं एकेक माणूस माझ्यासमोर उभं राहून पाहणार, कारण एकाने पाहिलेलं दुसऱ्याला पटत नसे. वरून मुखरू यायचा, खालून बायनाबाई. बायनाबाई शाळेत फार गेली नाही. पण लाल रेघ पाहायला शाळा लागत नाही.

सुरुवातीला माझा मोठा मान होता. साहेब लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. शाळेची पोरं रांगेने मला बघायला यायची. मुखरूच्या बायकोने, कमळाने, एकदा मला कुंकू लावलं. बायनाबाईने ते ओल्या हाताने पुसून टाकलं.

"हे का देव हाय का वो कमळाबाई? उद्या नारळ फोडसान इच्या डोक्यावर!"

"तुमचं काऊन दुखते बाई? कुंकू माह्या घरचं हाय."

दोघी भांडल्या, आणि मधल्यामध्ये माझं देवपण गेलं. मागोमाग मानही गेला. म्हशी माझ्यावर अंग घासू लागल्या. बाया माझ्या पायाशी धुणं आपटू लागल्या. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्या येऊन माझ्या कमरेला अडकत, त्या काढायला कोणाचे हात मोकळे नव्हते. अंगावर शेवाळ चढलं. तरी मी काम सोडलं नाही. माणसासारखी रुसून बसले असते तर दोन्ही टोल्यांनी एकमेकांची डोकी फोडली असती.

मग ते वर्ष आलं. धान पोटरीवर आला आणि पाऊस निघून गेला. लोंबी अजून पोटात असते, तेव्हाच धानाला पाणी लागतं. तेव्हा नाही मिळालं तर दाणा भरत नाही, नुसतं फोल हाती येतं. बायनाबाईची बांधी, म्हणजे धानाचं शेत, पाटाच्या अगदी शेवटाला. तिच्या घरचा वर्षाचा भात त्या एका बांधीत. आणि नेमका तेव्हाच तिचा जावई पाहुणा आला.

"जावई आला आन् ताटात मासोळी नाई, तं माहं नाक कापल्या जाईन," तिने आपल्या मुलाला, कुलदीपला, माझ्यासमोरच बजावलं.

कुलदीप आणि त्याच्या सोबत्यांनी माझ्या खालच्या अंगाला, वळणापलीकडे बांबूच्या आड, नाल्याला आडवा बांध घातला. चिखल, गोटे, पळसाच्या फांद्या. वरचं पाणी अडवायचं, खालच्या डोहातलं उपसायचं आणि तळाशी राहिलेले मासे वेचायचे. मासे धरून झाले की बांध फोडून नाला मोकळा करायचा, ही इथली रीत. इतकी जुनी, की फोडलास का म्हणून कोणी कोणाला विचारतही नाही. पण त्या दिवशी चुलीवर मसाला शिजून तयार होता. मासे घेऊन सगळे घरी पळाले. जावयाने बोटं चाटली म्हणे. बांध तसाच राहिला.

मित्रांनो, इथे जरा डोकं लावा. बांधामुळे पाणी माझ्या अंगाभोवती तुंबलं. वरून येणारी धार मोटारी ओढून घेत होत्या. पाट फुटतो तो बांधाच्या खाली, तिथे काही जात नव्हतं. पण मला विचारलेलं काय? पाणी किती उभं आहे. उभं होतं तेवढं मी सांगितलं. ते चाललं आहे की बसलं आहे, हे मला कोणी विचारलंच नव्हतं.

"पाह्य बाई," मुखरू रोज सकाळी म्हणायचा, "रेघेच्या वर हाय. मोटारी चालतीन."

"मंग माह्या पाटात पाणी काऊन नाई?"

"थे पाटाले विचारा ना. मले कायले विचारता?"

बांधीला भेगा पडल्या. बायनाबाईची भाषा दिवसेंदिवस तिखट होत गेली. आणि एका सकाळी ती फावडं घेऊनच आली. मागे कुलदीप, त्याचे सोबती. वरची टोली तमाशा पाहायला काठावर जमली.

"मुखऱ्या, तू पट्टी सरकवली!"

"म्या? अवो, गोटे तुमचे, शिमिट तुमचं, रोवणारे तुमच्याच टोलीचे. म्या का हनुमान हाव का, उचलून दुसरीकडे ठेवाले?"

"मंग हे पट्टीच खोटारडी हाय. उपटा इले!"

आणि तिने फावडं माझ्या तोंडावर हाणलं. मुलामा उडाला, वरचे आकडे टवके होऊन पाण्यात पडले. मी खोटारडी! उन्हात, थंडीत, पुरात जिने जागा सोडली नाही, ती खोटारडी! मासे जावयाने खाल्ले आणि मार मी खाल्ला.

कुलदीप आणि सोबती पाण्यात उतरून मला गदागदा हलवू लागले. तळाचा गाळ उठला, पाणी काळं झालं. वाहत्या नाल्यात गढूळ पाणी निघून जातं आणि मागून नितळ येतं. म्हशी धुणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे. हे गढूळ मात्र जागचं हललं नाही.

काठावर खर्रा घोटत बसलेली कमळा हसली. "बाई, तुमचा गढूळ तं जावयासारखा बसला वो! जायचं नावच नाई घेऊन राह्यला."

वरची टोली खो खो हसली. बायनाबाई हसली नाही, आणि नवल म्हणजे भांडलीही नाही. ती त्या गढूळ पाण्याकडे पाहत राहिली. मग मान न वळवता म्हणाली, "कुलदीप, बांध फोडला होता ना रे?"

कुलदीपने माझ्यावरचे हात काढले.

"राहूनच गेला वो माय."

आता कोणी हसेना. आपल्याच घरच्या हौसेने आपलीच बांधी सुकवली, आणि हे उघड झालं ते वैऱ्यांसमोर. माणूस अशा वेळी तोंड लपवतं. तिने पदर कमरेला खोचला, फावडं उचललं आणि वळणापलीकडे गेली. कुलदीप मागे धावला, तर त्याला तिने हाताने मागेच थोपवलं. फावड्याचे घाव ऐकू आले. मग पाणी सुटल्याचा आवाज आला. माझ्याभोवतीचं पाणी खाली सरकू लागलं. रेघ उघडी पडली. मग माझ्या पायाचं सिमेंट उघडं पडलं.

मुखरू चवताळला. "हे का वो बाई? पाणी तुम्हीच अडवलं, तुम्हीच सोडलं, आन् मोटारी आमच्या बंद? आमचाही धान उभा हाय!"

चिखलाने भरलेली बायनाबाई काठावर येऊन उभी राहिली. "माह्या तोंडाकडे नको पाहू, मुखरू भाऊ. पट्टीकडे पाह्य. खोटी बोलते का थे?"

वा! आत्ताच माझं थोबाड फोडलं, आणि आत्ताच मी खरी झाले!

मुखरूने उघड्या पडलेल्या रेघेकडे पाहिलं. मग पुटपुटत, शिव्या घालत मोटारी बंद करायला गेला. पाटात पाणी आलं. नाल्याजवळच्या बांध्या वाचल्या. बायनाबाईच्या बांधीतही पाणी पोचलं, पण उशिरा. भरलेली लोंबी वाकते. तिच्या लोंब्या सरळ उभ्याच राहिल्या. तिने तो धान कापून बैलांपुढे टाकला. त्या वर्षी चामोर्शीच्या बाजारातून तांदूळ घेऊन ती माझ्यासमोरून नाला ओलांडायची, तेव्हा पिशवी पदराखाली झाकलेली असे.

तर मित्रांनो, नाल्यात माझ्यासारखी कोणी दिसली तर तिच्या अंगावरचं शेवाळ घासा. म्हशी दूर बांधा. उडालेले आकडे रंगवा, कारण आकड्यांवाचून पट्टी म्हणजे नुसता पत्रा. मासे खुशाल धरा, पण आपण अडवलेलं पाणी आपल्या हाताने मोकळं करा. आणि आपल्या चुकीचा राग काढायला कोणी मुकं सापडलं की हात उचलू नका. माझे आकडे अजून कोणी रंगवलेले नाहीत. माफीचं तर नावच नको.

बायनाबाई रोज सकाळी येते. आधी पाण्यात पाय घालून तळाचा गाळ उठवते. तो वाहून गेलेला डोळ्यांनी बघते, आणि मगच माझ्याकडे मान वर करते. मी तिच्याशी बोलत नाही. पाणी किती आहे, तेवढंच सांगते.