दोनदा अर्धा फेरा

आमच्या घरात मी सून कमी आणि टपालखातं जास्त. आमचे हे आणि धाकटे भावजी एकाच गॅरेजमध्ये, एकाच बॉनेटखाली डोकी घालतात. पण पाटीवर कोणाचं नाव आधी यावरून जे बिनसलं ते बिनसलंच. पाटी अजून कोरी आहे. 'त्याला म्हणावं, पाना जागेवर ठेव', 'दादाला सांगा, तेल संपलंय', सगळे निरोप माझ्यामार्फत. नुसता वैताग.

त्या दिवशी नर्सबाईंची गाडी आली होती, इंजिनाचे नवे स्पार्क प्लग बसवायला. डोंगराकडच्या वस्तीत कुणी बाई अडली की तिला दवाखान्यात आणायला तीच एक गाडी. काम आटोपलं, नर्सबाई गाडी घेऊन गेल्या. मग मी मागच्या बाकावर भावजींना चहा दिला.

"वहिनी, दादाला सांगा," ते म्हणाले, "प्लग नुसते हाताने फिरवून ठेवले होते त्याने. वायरी सुट्या दिसल्या म्हणून कळलं. मी अर्धा फेरा देऊन आवळले."

जेवताना हे म्हणाले होते की प्लग आवळून झालेत, वायरी तेवढ्या राहिल्यात. निरोप नव्हता तो, सहज बोलले होते, म्हणून मी कुठे पोचवला नाही. नवा प्लग हाताने बसेपर्यंत फिरवायचा आणि मग पान्याने अर्धा फेरा, एवढं आता मलाही कळतं. तेवढ्यात वॉशर दबतो. त्यावर आणखी जोर लावला की इंजिनाचे मऊ आटे जातात, आणि प्लग कधी उडेल याचा नेम नाही.

मी ह्यांना हाक मारली आणि दोघांसमोर सगळं सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला.

"किती दिलास?" त्यांनी विचारलं. मला नाही, भावाला.

"अर्धा."

"मीपण."

नर्सबाई फोन उचलेनात. आम्ही तिघं आमच्या गाडीतून निघालो. चढावर त्यांची गाडी आडवी उभी होती, एक प्लग वायरीला लोंबकळत होता. मागच्या सीटवर एक बाई दाराची कडी घट्ट धरून कण्हत होती. तिच्याकडे बघवेना. त्या घटकेला मला दोघांचाही भयंकर राग आला.

"दादा, पाय धर."

"सावकाश. मान सांभाळ."

दोघांनी तिला अलगद आमच्या गाडीत ठेवलं. नर्सबाई शेजारी बसल्या, भावजींनी गाडी पळवली. हे रस्त्याच्या कडेला बसून त्या प्लगच्या आट्यांत अडकलेला चकचकीत चुरा नखाने काढत राहिले. तिला काही झालं तर, असं म्हणाले आणि पुढचं गिळलं. मी धीर दिला नाही. माझ्याकडेच नव्हता.

संध्याकाळी बंद गाडी एका ट्रॅक्टरला बांधून गॅरेजमध्ये आणली, तेवढ्यात भावजी परतले. घामाने निथळत होते. हे ताडकन उठले. भावजी त्यांच्यासमोर येऊन थांबले, तोंड उघडलं, आणि मान माझ्याकडे वळवली.

"वहिनी, दादाला सांगा, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

ह्यांचे डोळे भरून आले होते. ऐकलं होतं त्यांनी, शब्द न् शब्द. तरी मी सांगेपर्यंत माझ्याकडेच बघत राहिले.