चादरीखालचा ग्राइंडर

मित्रांनो, ग्राइंडर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघर येतं, हे मला ठाऊक आहे. मी तो नव्हे. मी एका छोट्या वर्कशॉपमधला जुना ग्राइंडर आहे आणि मी पोलाद घासतो. डब्यांची झाकणं पत्र्यातून कापायला खाली साचा लागतो आणि वरून दाबणारा पंच लागतो. त्यांना सपाट आणि धारदार करणं हे माझं काम. केसाएवढी चूक झाली तरी झाकण बसत नाही, म्हणून मी पहिल्यापासूनच जरा घाबरट.

माझा जन्म ओतशाळेत झाला. ओतून झाल्यावर मला कितीतरी महिने उन्हापावसात नुसतं ठेवून दिलं होतं. लोखंड मुरावं लागतं, नाहीतर ते पुढे वाकडं होतं. मग घासूनपुसून, हिरवा रंग देऊन मला इथे आणलं. माझे आताचे मालक भाऊ; त्यांचे वडील माझे पहिले मालक. सकाळी आले की ते आधी मला चालू करायचे आणि काम न देता तासभर नुसतं फिरू द्यायचे. गार असताना माझं अंग आखडलेलं असतं, तापलो की मी मापात येतो. "म्हाताऱ्याला आधी चहा पिऊ द्या," असं ते म्हणायचे, आणि तेव्हा मी चांगला तरणाताठा होतो! कामाला उसंत नव्हती. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं असायचं आणि माझी स्तुती ऐकून मी आतल्या आत फुगायचो.

मग साचे समुद्रापलीकडून स्वस्तात येऊ लागले. गिऱ्हाइकं एकेक करून पांगली. गल्लीतली वर्कशॉपं बंद पडली, आमचं आणि शेजाऱ्याचं तेवढं उरलं. भाऊ वडिलांसारखेच हाताचे पक्के, पण तोंडाचे मुके. "आपलं काम बोलतं," हे त्यांचं पालुपद. त्यांची धाकटी बहीण, आमची ताई, नोकरी सोडून मदतीला आली होती. ती म्हणायची, "काम बोलतं रे दादा, पण ऐकायला कुणी यायला नको का?"

एक दिवस ताईनं बातमी आणली. झाकणांच्या एका मोठ्या कारखान्याला साचे पुन्हा जवळपासच करून घ्यायचे होते. बाहेरून येणारा माल बंदरात अडकून पडायचा, आणि पंचाचा टवका उडाला तर दुरुस्तीला धाडायचा कुठे? ताईनं इंटरनेटवर आमच्या वर्कशॉपचं पान उघडलं, फोटो टाकले. कारखान्याची खरेदी पाहणाऱ्या बाई भेटायला येते म्हणाल्या. भाऊ बहिणीला हळूच म्हणाले, "हे काम नाही मिळालं तर आवरतं घेऊ. मशीन भंगारात देऊन टाकू." मशीन म्हणजे मी. मी तिथेच उभा होतो. 

आता या दोघांची अक्कल बघा. माझा रंग उडालेला, म्हणून ताईनं पानावर फोटो टाकला तो शेजाऱ्याच्या चकचकीत नव्या मशीनचा. आणि बाई यायच्या दिवशी दोघांनी मिळून मला चादरीखाली झाकलं. पाहुणीला बोलणं नीट ऐकू यावं म्हणून सकाळपासून मला चालूही केलं नाही. कामाच्या दिवशी मी असा गारठून कधीच पडलो नव्हतो.

बाई आल्या. टेबलावरचे नमुने उलटेपालटे करून त्यांनी नीट निरखले आणि विचारलं, "फोटोतलं मशीन कुठे आहे?"

ताईचा चेहरा उतरला. ती काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात भाऊंनी चादर ओढली. "ते शेजाऱ्याचं. आमचा हा."

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी पिशवीतून टवका उडालेला एक पंच काढला. "हा करून दाखवा. मी थांबते."

मी म्हटलं, मेलो आता. गार अंगानं घासला तर माप चुकणार, नाही म्हटलं तर बाई चालल्या. ताई डोळ्यांनीच भावाची विनवणी करत होती.

"आत्ता नाही जमायचं," भाऊ म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून सकाळपासून बंद ठेवलाय. गार मशीनवर तुमची वस्तू मी खराब करणार नाही. तासभर फिरू दे."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "मला अजून एका वर्कशॉपमध्ये जायचंय," एवढं बोलून, पंच टेबलावरच ठेवून त्या निघून गेल्या.

ताई मटकन खुर्चीत बसली. "हातातोंडाशी आलेलं घालवलंस, दादा."

"मी घालवलं? आणि तो फोटो कुणी टाकला?"

 भाऊंनी मला चालू केलं. मी फिरत राहिलो, पण माझं सगळं लक्ष दाराकडे होतं. अंग तापल्यावर भाऊंनी पंच लावला. त्यांनी माप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि आणखी एकदा घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

संध्याकाळी बाई परत आल्या. स्वतःचं मापाचं साधन काढून त्यांनी पंच पुन्हा पुन्हा मोजला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "त्या दुसऱ्या वर्कशॉपला असाच आणखी एक पंच दिला होता, त्यांनी लगेच करून दिला. तोही बरोबर होता."

"मग?" ताईनं विचारलं.

"तुम्हाला एक साचा देते, त्यांना एक देते. ज्याचा जास्त टिकेल, त्याला पुढचं काम." उठता उठता त्या ताईला म्हणाल्या, "आणि पानावरचा तो फोटो काढून टाका हो. एकदा खोटं सापडलं की माणूस तुमच्या खऱ्यावरही शंका घेतो."

ताईनं त्यांच्यासमोरच फोटो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तिनं पानासाठी माझा फोटो घेतला, उडालेल्या रंगासकट, शेजारी उभ्या असलेल्या भाऊंसकट. भाऊ लाजून नको नको म्हणत होते. खरं सांगतो, मलाही लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

आमचा साचा आता कारखान्यात लागलाय. निकाल यायचाय. फोन वाजला की आम्हा तिघांचा जीव खालीवर होतो.

मित्रांनो, तुमच्या आसपासही असं एखादं छोटं वर्कशॉप असेल. सातासमुद्रापलीकडून वस्तू मागवण्याआधी एकदा त्याच्या दारात डोकावा, काय करता म्हणून विचारा. आणि ते तुमच्याच घरचं असेल, तर यंत्राला वेळेवर तेलपाणी करा आणि आहे तसं चारचौघांत दाखवा. काम करता करता मोडलो तर माझी तक्रार नाही. पण मी काम करू शकतो हे कुणाला कळण्याआधीच मला मोडीत काढू नका.