विरजणाची अट

मित्रांनो, मी एक जुनी निळी फ्लॉपी आहे. तळहाताएवढी, चौकोनी. पूर्वी संगणकातली माहिती माझ्यात साठवत. आता मला बुरशी लागली आहे आणि बोलता बोलता माझी अक्षरे गळतात. जिथे ▒▒▒ दिसेल, तिथे ती गळाली असे समजा आणि पुढे चला.

१९९७ साली मंगळवार पेठेतल्या पूर्णिमाताईंनी मला कोरी विकत आणले. त्या संगणकाच्या वर्गात शिकवत. सुट्टीच्या दिवशी सायकलवरून नदीकाठी जात आणि दारोदार विचारत, "मागच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं?" तेवीस घरांची उत्तरे माझ्यात उतरली. त्यातले एक:

धोंडुबाई. गोठा. पाणी ▒▒▒ पायरीपर्यंत.

त्या पुरात धोंडुबाईंची एक म्हैस दाव्यालाच बुडाली होती. पाणी कधी चढेल, हे कळायला काही साधनच नव्हते.

यादी कुणीही घ्यावी, पण अडवून ठेवू नये, असे ताईंना वाटे. म्हणून सगळ्यात वर त्यांनी लिहिले:

विरजणासारखी घ्यावी, विरजणासारखी द्यावी.

शेजारणीकडून विरजण आणले, की आपल्या दारी मागायला आलेल्याला नाही म्हणायचे नसते. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. कायद्याला ठाऊक नव्हते.

माझ्या खूप प्रती निघाल्या. मी फुशारून गेले. २००३ साली पेठ वडगावचे राजशेखर आले. ते नकाशे करणाऱ्या एका कंपनीत होते. त्यांनी यादी नेली आणि प्रत्येक पायरीची उंची मोजून तिला जोडली. आता पुलाजवळचे पाणी पाहून सांगता येणार होते, ते कुणाच्या दारात कधी पोहोचेल. पण ती नवी यादी कंपनीने कुलपात ठेवली; पैसे मोजेल त्यालाच ती मिळे.

ताई धोंडुबाईंना घेऊन राजशेखरांकडे गेल्या. मी पर्समध्ये होते.

"ताई, माझी ना न्हाय," राजशेखर म्हणाले. "पण वकील इचारतात, विरजण म्हंजे नेमकं किती? उद्या आमचे सगळेच नकाशे मागशीला. विरजण दिलं म्हणून म्हैसच सोडून न्हेशीला की!"

"म्हैस तुझी तुलाच, लेका," धोंडुबाई म्हणाल्या. "आमच्या विरजणानं जे दही लागलं, त्यातलं चमचाभर दे."

ताईंनी तिथेच कागद काढला.

यादी कुणीही घ्यावी. मूळ कुणाचे ते सांगावे. भर घालून ती दुसऱ्यांना दिली, तर ती भरही याच अटीवर सर्वांना द्यावी. बाकीचे काम ज्याचे त्याचे.

पण माहिती तेवीस घरांची. न विचारता अट कशी बदलणार? ताई दोन महिने पुन्हा सायकलवर फिरल्या. बावीस घरे "व्हय" म्हणाली. एका आण्णांनी ना म्हटले. त्यांची ओळ ताईंनी माझ्यातून पुसली. मला दुखले. पण विचारले होते, म्हणून ना ऐकावीच लागली.

वकिलांनी कागद वाचला, होकारार्थी मान डोलावली. राजशेखर स्वतः उंचीचे आकडे घेऊन आले. "आता पक्कं हाय!"

२००५ च्या पावसाळ्यात पाणी चढले. पुलाजवळचे पाणी आणि यादी पाहून धोंडुबाईंनी दुपारीच दावी सोडली. संध्याकाळी पाणी शिरले, तेव्हा गोठा रिकामा होता.

आता मला वाचणारे यंत्रच उरले नाही. तरी माझी गळालेली ओळ परवा कुणीतरी एका प्रतीवरून मोठ्याने वाचली:

धोंडुबाई. गोठा. पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत.

मित्रांनो, मला पुसून-झाकून जपू नका. पहिल्या दह्याचे भांडे केव्हाच घासून पालथे पडलेले असते. अट तेवढी नीट लिहा. आणि कुणी वाटी घेऊन दारात आले, तर नाही म्हणू नका.