दिसू नये असा जोड

ठिणगीला रिफायनरीत वेल्डरची नोकरी लागली.

हे वाक्य वाचलं असेल तर कृपया विसरून जा. असं काहीही झालेलं नाही. ठिणगी अजून बाबांच्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधते आहे, तिची परीक्षा सुरू व्हायला दोन तास आहेत, आणि गल्लीतली सहा माणसं दारात ओळीने उभी राहून ती गाठ नीट मारते की नाही ते बघताहेत.

सहाच का, तर त्यामागे अर्थशास्त्र आहे.

महिन्यापूर्वी सभागृहात सभा झाली होती. रिफायनरीच्या शेजारी पेट्रोकेमिकलचा नवा विभाग उभा राहणार होता आणि टाय लावलेला एक अधिकारी पडद्यावर बाण दाखवत होता. इकडून कच्चं तेल आत, तिकडून पेट्रोल-डिझेल बाहेर, मधून जे निघतं त्याचे प्लास्टिकचे दाणे, दाण्यांच्या बादल्या, दोर, सलाइनच्या पिशव्या. बाण संपल्यावर तो म्हणाला, "कारखान्यातल्या एका नोकरीमागे बाहेर सहा नोकऱ्या तयार होतात." टाळ्या झाल्या आणि लोक घरी गेले. ठिणगीची आत्या मात्र घरी न जाता सरळ व्यासपीठापाशी गेली.

"सहा म्हणजे नक्की सहा?"

"सरासरी सहा, मॅडम."

"माणसं तुम्ही ठरवणार की आम्ही?"

अधिकाऱ्याला पुढची सभा गाठायची होती. तो म्हणाला, "तुम्हीच ठरवा."

झालं. आत्याने त्याच संध्याकाळी वहीचं पान फाडून यादी केली. गल्लीत वेल्डिंग येणारी तरुण मुलगी एकच, ती म्हणजे ठिणगी; तेव्हा तिची नोकरी ती मूळ नोकरी. तिच्यामागच्या सहात पहिली स्वतः आत्या, कामगारांचे डबे करायला. दुसरा शिंपी, कामाचे कपडे शिवायला. तिसरा न्हावी, कारण दिवसभर हेल्मेट घातल्यावर केसांचं जे होतं ते बघवत नाही. चौथा पंक्चरवाला. पाचव्या शिकवणीच्या बाई, कामगारांना पुढेमागे मुलं होतीलच म्हणून. आणि सहावा बँडमधला ट्रम्पेटवाला. त्याचा आणि खनिज तेलाचा संबंध कोणालाच सांगता येईना, पण एक जागा रिकामी होती आणि तो रोज समोरून जायचा.

"आणि मी?" बाबांनी विचारलं होतं.

"दादा, तुझं स्वतःचं वर्कशॉप आहे," आत्या म्हणाली. "तुझा विकास आधीच झालाय."

तेव्हा परिस्थिती अशी होती. परीक्षेला एकच संधी. नापास झालं तर सहा महिने रिफायनरीच्या फाटकाकडे फिरकायचं नाही, आणि तोवर जागा भरलेल्या. थोडक्यात, ठिणगीचा हात हलला तर सात माणसं एकदम घरी बसणार होती.

"रात्री झोप लागली ना गं?" न्हाव्याने विचारलं.

"लागली, काका."

"आम्हाला नाही लागली," सहाही जण म्हणाले.

बाबांनी तिच्या डब्याच्या पिशवीत काहीतरी सरकवलं आणि पिशवीचं तोंड दोनदा आवळलं.

बाबा गेट बनवायचे. गेट, खिडक्यांचे गज, जिन्याचे कठडे. त्यांच्या धंद्याचा नियम एकच होता: जोड दिसता कामा नये. "गिऱ्हाईक गेट बघत नाही, पोरी. गिऱ्हाईक बोट फिरवतं. बोट अडलं की त्याचं तोंड वाकडं." म्हणून जोड मारला की लगेच ग्राइंडर. मग डोळे मिटून बोट फिरवायचं. बोटाला काही कळलं नाही तर वर रेड ऑक्साईडच्या लाल रंगाचा एक हात, आणि त्यानंतरच मान वर करायची. ठिणगी आठ वर्षं हे करत होती. तिला झोपेतून उठवून हातात ग्राइंडर दिला असता तर तिने उशीसुद्धा गुळगुळीत करून दिली असती.

परीक्षेच्या शेडमध्ये बारा कप्पे होते. तिच्या कप्प्याला एकेचाळीस नंबर का होता हे तिने विचारलं नाही. समोर पाइपचे दोन तुकडे तोंडाला तोंड लावून तिरके आवळलेले. तुकड्यांवर ४१-अ आणि ४१-ब असे ठोकलेले आकडे. पाइप हलवायचा नाही, फिरवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं, वाकायचं, वेळ पडली तर खाली पाठीवर आडवं व्हायचं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्या हातात कायम बॅटरी असायची. भर दुपारीही ती चालूच. सगळे त्यांना बॅटरीसाहेब म्हणायचे.

"वेळ तीन तास," बॅटरीसाहेब म्हणाले आणि तिच्या डोळ्यांत उजेड मारून पुढे गेले.

ठिणगीने काच खाली ओढली आणि रॉड टेकवला.

आणि मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं! गेटचे गज म्हणजे चार टिपके मारून मोकळं व्हायचं काम. इथे जोड पाइपला गोल वळसा घालत होता आणि तिला त्याच्यामागे जायचं होतं, आधी खांद्याने, मग मानेने, मग गुडघ्यावर बसून, मग एक गाल जमिनीला लावून. वितळलेलं लोखंड काचेआडून हिरवं दिसत होतं, रॉडच्या टोकाशी थरथरत होतं, खाली पडेन म्हणत होतं, पण पडत नव्हतं. पहिला थर आतल्या अंगाला बसला. ग्राइंडरने मळी काढली. दुसरा बसला. पुन्हा मळी काढली. तिसऱ्या थरापर्यंत तिला हसू येत होतं, एकटीलाच, काचेआड. शेजारच्या कप्प्यातला एक जण शिव्या देत होता, तिकडे कोणाची तरी बाही पेटली होती. ठिणगीला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

शेवटचा थर संपला तेव्हा चाळीस मिनिटं शिल्लक होती. तिने काच वर केली. जोडावर खवल्यावर खवला, सारख्या अंतराने, माशाच्या पाठीसारखा पाइपला पूर्ण वेढा घालून बसला होता.

इथे थांबायचं असतं. पाइपवाले इथेच थांबतात, कारण तपासणारा तो वरचा थर बघूनच पहिला निकाल देतो. भिंतीवर लाल अक्षरात लिहिलंही होतं: वरच्या थराला ग्राइंडर लावू नये. ठिणगीने ते सकाळी वाचलं होतं. तिला ते पटलंही होतं. पण हाताला कोणी सांगितलं नव्हतं.

हाताने ग्राइंडर उचलला.

पंधरा मिनिटांत बाहेरचे खवले गेले. मग हात पाइपच्या तोंडातून आत गेला आणि छोट्या गोल दगडाने आतली कडही साफ करून आला, कारण काही गिऱ्हाइकं आतूनही बोट फिरवतात. डोळे मिटून बोट फिरवलं. बोटाला काही कळलं नाही. पिशवीत बाबांनी सरकवलेली रेड ऑक्साईडची डबी होती, छोट्या ब्रशसकट. एक हात मारला. आणि नियमाप्रमाणे मान वर केली.

समोर भिंत होती. भिंतीवर लाल अक्षरं होती.

"अगं बाई," ठिणगी म्हणाली.

बॅटरीसाहेब आले. त्यांनी पाइपवर उजेड मारला. डावीकडून मारला, उजवीकडून मारला, खाली बसून मारला.

"जोड कुठंय?"

"आहे की."

"कुठं आहे?"

"तुम्ही आत्ता बोट ठेवलंय ना, तिथंच. थोडं डावीकडे असेल. मलाही नक्की नाही सांगता येणार आता."

बॅटरीसाहेबांनी बोट बघितलं. ते लाल झालं होतं. "मॅडम, तुम्ही अख्खा पाइप आणून लावलात?"

"डब्याच्या पिशवीतून?"

त्यांनी पिशवी बघितली. आकडे बघितले, एका बाजूला अ, दुसऱ्या बाजूला ब. अख्ख्या पाइपला अ आणि ब कसं असेल? पण मग जोड कसा नसेल? ते घामाघूम झाले. "बावीस वर्षं हे काम करतोय. वाईट जोड पाहिले, फुटके पाहिले, एकाने तर च्युइंगगम लावलेलं पाहिलं. पण जे दिसतच नाही ते मी पास कसं करू? नियमाने नापास."

ठिणगीच्या डोळ्यांसमोर सहा चेहरे आले, ओळीने. डबे, डगले, हेल्मेटखालचे केस. जन्माला न आलेली मुलं शिकवणीवाचून राहिलेली. बाबांना घरी जाऊन काय सांगायचं? तुमचं ऐकलं म्हणून नापास झाले? "साहेब, जोड आत आहे. खरंच आहे. चांगला आहे. तोडून बघा हवं तर."

"तोडायचं कशाला, वाकवू," मागून आवाज आला.

प्रयोगशाळेच्या बाई होत्या. पांढरा कोट, हातात हातगाडी. पास-नापास शेवटी त्यांच्याकडूनच लिहून यायचं. त्यांनी रुमालाने रेड ऑक्साईड पुसलं, पाइपवरून हात फिरवला, आत हात घालून फिरवला, आणि त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "हे कोणी केलं?"

"चुकून झालं, बाई," ठिणगी म्हणाली.

"चुकून? अहो, वाकवायच्या चाचणीला पट्ट्या अशाच लागतात, आतून-बाहेरून सपाट! प्रत्येक जोडाचे खवले मी घासत बसते. माझे अर्धे दिवस त्यात गेलेत. साहेब, नियमाच्या पुस्तकात काय आहे? एक्स-रे किंवा वाकवणं. दोन्हींतलं काहीही चालतं."

"पण त्याआधी डोळ्यांनी तपासणी लागते."

"मग केलीत ना एवढा वेळ? काय दोष दिसला?"

बॅटरीसाहेबांनी फॉर्म काढला. 'आढळलेले दोष' या रकान्यासमोर त्यांचं पेन बराच वेळ हवेत राहिलं. शेवटी त्यांनी लिहिलं: एकही नाही. मग खाली, स्वतःच्या समाधानासाठी: ग्राइंडर लावला, समज दिली.

प्रयोगशाळेत पाइपच्या चार पट्ट्या कापल्या. जोड पट्टीच्या मधोमध यायला हवा आणि तो कुठे आहे हे बाईंनाही कळेना, म्हणून त्यांनी ऍसिडचा बोळा फिरवला. लोखंडावर हळूहळू एक काळसर पट्टा उमटला. "सापडला!" बाई ओरडल्या. ठिणगी ओरडली. बॅटरीसाहेबही ओरडले आणि मग खोकल्यासारखं केलं.

आता प्रेस. वरून दट्ट्या येणार, पट्टी घोड्याच्या नालेसारखी वाकणार. जोडात कुठे पोकळी राहिली असेल तर तिथे फाटणार. मग ग्राइंडर नाही, रंग नाही, काही लपत नाही.

पहिली वाकली. बाईंनी भिंग लावलं. "छान."

दुसरी वाकली. "छान."

तिसरी वाकताना करकरली. ठिणगीने बॅटरीसाहेबांची बाही धरली. "प्रेसला तेल नाहीये," बाई म्हणाल्या. रिफायनरीत उभं राहून हे ऐकताना कोणालाही हसू आलं नाही. "छान."

चौथी पट्टी ती होती जिच्यासाठी ठिणगी जमिनीला गाल लावून आडवी झाली होती. दट्ट्या खाली आला. पट्टी वाकली, अजून वाकली, तिची दोन्ही टोकं समोरासमोर आली. बाईंनी भिंग लावलं आणि काढलंच नाही. एक मिनिट. दोन मिनिटं.

"काय झालं, बाई?"

"काही नाही हो. बघत बसले. केसाएवढीसुद्धा फट नाही."

बातमी फाटकाबाहेर थांबलेल्या सहा जणांपर्यंत कशी पोहोचली कोण जाणे, पण त्याच क्षणी बाहेर ट्रम्पेट वाजला. असा वाजला की आगीचा भोंगा समजून तिसऱ्या शेडमधले कामगार शिस्तीत बाहेर येऊन मैदानात उभे राहिले. सुरक्षा अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं. इतक्या लवकर ते कधीच जमले नव्हते. पुढच्या आठवड्यापासून ट्रम्पेटवाला आपत्कालीन सरावाच्या कामावर रुजू झाला. तेलाशी संबंध लागला.

आता पहिलं वाक्य वाचायला हरकत नाही.

ठिणगीकडून एवढंच लिहून घेतलं की कारखान्याच्या कुठल्याही जोडावर ती शेवटचा ग्राइंडर फिरवणार नाही. रेड ऑक्साईडची डबी फाटकावर जमा झाली. बाकी आत्याच्या यादीप्रमाणे. तिचे डबे दोन महिन्यांत एवढे वाढले की पोचवायला एक जुना टेम्पो लागला. शिंप्याने दुसरं मशीन घेतलं. न्हाव्याने पाटीवर हेल्मेटचं चित्र काढलं. शिकवणीच्या बाई, मुलं यायला वेळ आहे म्हणून, तूर्त त्यांच्या बापांना इंग्रजी शिकवू लागल्या. पंक्चरवाल्याबद्दल बोलायलाच नको, आत्याचा तो टेम्पो रोज त्याच्याच दारात असायचा.

एके दुपारी बाबा सायकलवरून कारखान्याच्या कुंपणापाशी गेले. रस्त्याला लागून नव्या विभागाचे पाइप उंचावरून जात होते आणि त्यातल्या कित्येक जोडांपाशी ठिणगीचा ४१ नंबर ठोकलेला होता. बाबांनी मान वर केली. जोड दिसत होते. सगळे. खवल्यांसकट. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला.

ते घरी आले आणि पाणी न पिता बसले.

"बाबा, तिथं तसंच ठेवतात," ठिणगी म्हणाली. "ते खवले बघून तर साहेब खूश होतात."

"साहेब होतील गं. पण खाली उभं राहून गिऱ्हाईक बघतंय ना! लोक म्हणतील, गेटवाल्याच्या पोरीने काम अर्धवट टाकलं."

"असे बारा हजार जोड आहेत, बाबा."

"बारा हजार," बाबा म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "अगं, मग नोकरी शिंप्यालाच काय म्हणून, मला का नाही?"

त्यांनी कागद मागितला. शुद्धलेखन शिकवणीच्या बाईंनी तपासलं.

"मा. महाव्यवस्थापक यांस. विषय: जोड घासून देण्याबाबत. महोदय, आपल्या कारखान्याचे काम उत्तम असून केवळ शेवटचा हात फिरवायचा राहिला आहे, असे नम्रपणे निदर्शनास आणतो. तरी दोन दिवस (शनिवार-रविवार चालेल) कारखाना बंद ठेवून, आतले तेल तेवढ्यापुरते बाजूला काढून, सर्व बारा हजार जोड गुळगुळीत करून त्यांस रेड ऑक्साईडचा एक हात मारण्याची परवानगी अर्जदारास द्यावी. तसेच एका नोकरीमागील सहा नोकऱ्यांची मर्यादा विशेष बाब म्हणून सातपर्यंत शिथिल करावी, ही विनंती. फाटकावर जमा असलेली डबी परत मिळावी. ग्राइंडर आमचा आहे."