हवेची जाळी

शिवणकामाच्या खोलीचं दार त्याने खांद्याने ढकललं, आणि हातातल्या यंत्रावरचा आकडा हलला.

घर गरम ठेवणाऱ्या, गॅसवर चालणाऱ्या बॉयलरच्या धुरात काय काय आहे हे सांगणारं ते यंत्र दुरुस्तीहून कालच परत आलं होतं. लोकांच्या घरी नेण्याआधी ते नीट चालतंय ना, हे आपल्याच बॉयलरवर पाहावं, एवढाच त्याचा बेत होता. अंगणात, मोकळ्या हवेत त्याने ते शून्यावर आणलं होतं. स्वयंपाकघरापर्यंत ते शून्यावरच राहिलं. इथे मात्र, बॉयलरच्या पाईपाला नळी लावायच्या आधीच, नुसत्या खोलीच्या हवेत, कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढायला लागला होता.

यंत्र बिघडलेलंच परत पाठवलं म्हणायचं, असं पुटपुटत तो बाहेर गेला. आकडा उतरला. तो आत आला. आकडा चढला. दुसऱ्यांदा बाहेर जाण्याची गरज नव्हती, तरी तो गेला.

मग त्याने बॉयलर बंद केला, गॅसची चावी फिरवली, खिडक्या सताड उघडल्या. हे सगळं त्याच्या हातांनी आपसूक केलं. दुसऱ्यांच्या घरी कितीदा तरी केलेलं होतं. त्यानंतर काय करायचं ते हातांना ठाऊक नव्हतं. बायकोच्या शिलाई मशीनसमोरच्या स्टुलावर तो बसला आणि त्याची नजर भिंतीच्या तळाशी गेली.

तिथे एक फळी होती. फळीच्या कडांना स्पंज होता. आणि फळीमागे हवेची जाळी होती.

ती फळी त्यानेच ठोकली होती. थंडी सुरू झाली तशी त्या जाळीतून वारा थेट तिच्या पाठीवर यायचा. ती शाल गुंडाळून शिवायला बसायची, मग शालीचं टोक मशीनमध्ये अडकायचं. एका सुट्टीच्या सकाळी त्याने माप घेतलं, फळी कापली, कडांना स्पंज लावला आणि जाळी बंद करून टाकली. ती चहा घेऊन आली, भिंतीजवळ हात धरून पाहिला आणि म्हणाली, "किती ऊब आली हो!" त्याला फार बरं वाटलं होतं. चार दिवसांपुरतंच, मग वरच्या बाजूला दुसरी जाळी काढू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. ते चार दिवस पुढे ढकलत ढकलत हिवाळा सरत आला.

जाळी बंद केली की ज्योतीला हवा पुरत नाही, आणि बाहेर जायचा धूर खोलीत फिरतो. हे तो रोज कुणाला ना कुणाला सांगायचा. "ही जाळी कधी बंद करू नका, काकू. वारा लागला तर लागू दे." घरोघरचे बॉयलर तपासायचे, त्या कामाचाच तो पगार घेत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

बायकोचं डोकं दुखायला लागलं ते त्याच हिवाळ्यात.

आधी दुपारचं दुखायचं, मग दिवसभर. मळमळायचं. हातातली सुई धरून ती नुसतीच बसून राहायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळे तपासले आणि शेवटी ताण कमी करा म्हणाले. मग चुका सुरू झाल्या. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला तिने दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. त्या बाई घरी येऊन बोलत होत्या आणि ती कोट उलटसुलट करून बघत होती. कुठे चुकलं ते तिला कळतच नव्हतं. तिच्या रडकुंडीला आलेल्या चेहऱ्याकडे पाहत, वातावरण हलकं करायचं म्हणून, तो म्हणाला होता,

"डोकं दुखतं म्हणते हो. पण दुखायला आधी ते असावं लागतं."

बाई हसल्या. तोही हसला. ती आत निघून गेली.

मधे ती भावाकडे राहायला गेली आणि दोन दिवसांत टवटवीत झाली. परत आली की पुन्हा तेच. तेव्हा त्याने निकालच लावला. "माहेरी बरं डोकं दुखत नाही तुझं. माझं घरच मानवत नाही तुला, असं सरळ सांग ना." असल्या गोष्टींवर ती पूर्वी भांडायची, त्या वेळी भांडली नाही. बहुतेक तिलाही ते पटलं होतं. काही दिवसांनी तिने बॅग भरली आणि भावाकडे गेली. ती अजून आली नव्हती.

तो उठला. हातोड्याने खिळे उपसून फळी काढली. वारा आत आला तसे मशीनखाली पडलेले दोऱ्याचे तुकडे सरकले.

मेहुण्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. बसमध्ये तो वाक्य जुळवत होता. "बॉयलर बिघडला होता." हे वाक्य चांगलं होतं. बॉयलर जुना होता, बिघडूही शकला असता. त्यात कुणाचं नाव येत नव्हतं. स्टॉप येईपर्यंत ते वाक्य त्याला पाठ झालं.

दार मेहुण्याने उघडलं.

"दाजी! या, या. न कळवता?"

ती आतल्या खोलीत खिडकीपाशी भावजयीचा पडदा शिवत होती. तिच्या गालांवर रंग आला होता. त्याला पाहून तिने मशीन थांबवलं. उठली मात्र नाही.

"बरी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही?"

तो बसला. पाण्याचा पेला आला, तो त्याने हातातच धरून ठेवला.

"एक सांगायला आलो. तुझं डोकं दुखत होतं ना, ते खरंच दुखत होतं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"तसं नाही. म्हणजे... बॉयलर बिघडला होता. विषारी धूर खोलीत साठत होता. वास येत नाही त्याला, कळत नाही. डोकं दुखणं, मळमळ, विसरणं, सगळं त्यानेच. आणखी थोडे दिवस राहिली असतीस तर..."

मग तिने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. तिचे खांदे हलायला लागले. मेहुणा पुढे सरकला, तेव्हा तिने हात काढले. ती रडत होती, पण चेहरा उजळला होता.

"म्हणजे माझं डोकं फिरलं नव्हतं," ती म्हणाली. "त्या बाह्या... मला वाटायचं, मला वेड लागतंय. रात्री तुम्ही झोपलात की मी पाढे म्हणून बघायची, येतात का ते."

हे त्याला माहीत नव्हतं. ती चिडेल, बोलेल, याची तयारी करून तो आला होता. या आनंदाची तयारी त्याने केली नव्हती.

"बघा!" मेहुण्याने मांडीवर थाप मारली. "दोष निघाला बॉयलरचा, आणि आम्ही समजत होतो तुमचं दोघांचं काहीतरी बिनसलंय. ताई, भर बॅग. दाजी, नवा बॉयलर घ्या आता, जुन्याला द्या भंगारात."

सगळं सुरळीत झालं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. त्याने पाण्याचा एक घोट घेतला. पेला खाली ठेवला.

"बॉयलर बिघडला नव्हता," तो म्हणाला. "मी जाळी बंद केली होती. ती फळी. धूर त्यामुळे आत राहत होता. मला माहीत होतं बंद करायची नसते. मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं."

मेहुण्याचा हात मांडीवरच राहिला. दारात भावजय उभी होती, ती हळूच आत वळली.

"मला वारा लागत होता," बायको सावकाश म्हणाली. "म्हणून केलीत तुम्ही."

"हो, पण—"

"मलाच ऊब हवी होती. त्याचं मी काही मनात धरणार नाही."

त्याला वाटलं, सुटलो. इतक्या लवकर सुटायला नको होतं, असंही वाटलं. घाईघाईने तो बोलत सुटला. "तो वायू मेंदूवर परिणाम करतो. माणूस चिडचिडं होतं, काहीबाही बोलतं, घरात नकोसं वाटतं. त्या दिवसांत आपल्यात जे झालं ना, ते सगळं त्याच्यामुळे. आपलं काही नव्हतंच त्यात."

"तुमचंही डोकं दुखायचं?"

"माझं? नाही. मी दिवसभर बाहेर. आलो की जेवायचं आणि पुढच्या खोलीत झोपायचं. मला काही झालं नाही."

"हं," ती म्हणाली.

तिने पडद्याची घडी सरळ केली. कडेला एक टाचणी राहिली होती, ती काढून ओठांत धरली, मग पुन्हा हातात घेतली.

"मी विसरले, मी चुकले, ते धुराने," ती म्हणाली. "तुम्ही बोललात ते कशाने?"

आवाज चढलेला नव्हता. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं होतं.

मेहुणा कसलंसं काम आठवून उठून गेला.

बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांत याचं उत्तर नव्हतं. मग तिने कापड सुईखाली सरकवलं आणि पायाने मशीन सुरू केलं. जा, असं ती म्हणाली नाही. तो तिथेच बसून राहिला, आणि पडद्याची लांबलचक शिवण त्याच्यासमोरून हळूहळू पुढे जात राहिली.