आर्विडच्या शर्टाखाली

आर्विड साथर रानात निघाला की भर ऑगस्टातसुद्धा लोकरीचा चौकड्यांचा शर्ट घालायचा. त्या शर्टाखाली, डाव्या कुशीला, रिव्हॉल्व्हर असतं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तरी आपल्याला काही दिसत नाही असं दाखवण्याची मोंटानातली रीत सगळे इमानानं पाळत. पन्नास वर्षं लाकूडतोडीत घालवलेला माणूस तो. अस्वलांच्या मुलखात रिकाम्या हातानं हिंडणाऱ्याला तो सरळ येडा म्हणे.

पण आता वय एक्क्याऐंशी, आणि डोकं मधूनच दगा देऊ लागलेलं. घरच्या माणसांनाच तो परकं समजायचा. अशा माणसाच्या शर्टाखाली भरलेलं रिव्हॉल्व्हर! म्हणून त्याची लेक नोरा आज हकलबेरीची रानफळं तोडायचं निमित्त करून बरोबर आली होती. काहीही करून ते मागून घ्यायचं होतं. ते मागणं म्हणजे म्हाताऱ्याचं रानच काढून घेणं, हे कळत असल्यानं सकाळपासून ती विषय पुढं ढकलत होती.

"आणलंत कुठं मला, ते तरी सांगा, बाबा."

"सांगतो की! म्हणजे उद्या तुझा नवरा बादल्या घेऊन हजर. अगं, ही जागा तुझ्या आईलाही मी लग्नानंतर चार वर्षांनी दाखवली."

"चार वर्षं?"

"मग? माणूस पारखून घ्यायला नको?"

नोराला हसू फुटलं आणि मुद्द्याची गोष्ट तोंडातच राहिली. दर वळणावर आर्विड हाळी द्यायचा, "हो अस्वलदादा, आम्ही आलोय बरं!" ओढ्यापाशी दोघांनी पहिल्या दोन मुठी बेरी तोडल्या; तिथं मात्र पाण्याच्या खळखळाटात त्याची हाळी कुठल्या कुठं विरली.

वीसेक पावलांवर झुडपं हलली आणि अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. उभं राहतच गेलं. खांद्यावर ते वशिंड, बेरी खाऊन जांभळं झालेलं तोंड, सोनेरी केसांवर सकाळचं ऊन. त्याचा श्वास ऐकू येत होता.

आर्विड शांतपणे तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. त्याचा हात शर्टाखाली गेला. काढा, बाबा, काढा! ती मनात आक्रोश करत होती. तीच, जी ते मागायला आली होती. पण हात बाहेर आला तो रिकामा. त्यानं पंजा उघडून दाखवला.

"तुझंच आहे रे सगळं," तो अस्वलाला म्हणाला. "दोन मुठी घेतल्या, चुकलं. हे बघ, निघालोच."

अस्वलानं हवा हुंगली. मग ते चार पायांवर आलं आणि कसलीही घाई न करता चढणीला लागलं. नोरा रडत होती. एवढं अफाट तिनं जन्मात काही पाहिलं नव्हतं. अफाट कोण, अस्वल की बाप, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

खाली उतरून दोघं एका आडव्या पडलेल्या झाडावर टेकली.

"रिव्हॉल्व्हर का नाही काढलंत?" तिनं विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तो वेगळंच हसला. "तू पण ना, इंगे!"

इंगा त्याची धाकटी बहीण. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

त्यानं रिव्हॉल्व्हर काढलं, बाजूची झडप उघडली आणि गोळ्यांचं चाक फिरवलं. पाच घरांत गोळ्या, घोड्याखालचं तेवढं रिकामं, हा त्याचा जन्माचा नेम. नोरा मोजत होती. साही घरांतून पलीकडचा उजेड दिसला.

"हिवाळ्यात नोरा दूध घेऊन घरात आली," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, कोण ही बाई घुसली? हात आत गेला, इंगे. माझ्या पोरीवर! त्याच दिवशी गोळ्या नदीत टाकल्या."

नोरानं इंगा होऊनच विचारलं, "मग रिकामं कशाला वागवतोस?"

"नाही दिसलं तर ती विचारेल ना, का सोडलं म्हणून. काय सांगू तिला? तू सांगू नकोस हं तिला."

"नाही रे सांगणार, आर्विड," नोरा म्हणाली.