झेंडूच्या माळेखालचा एल

मी एल बोलतोय. पांढऱ्या चौकोनावरचा लाल एल, शिकाऊ माणसाच्या गाडीला मागे लावतात तो. चुंबकाचा आहे, त्यामुळे कुठेही चिकटतो आणि कुठूनही सहज निघतो. स्वभावही साधारण तसाच आहे.

जन्म कुठे झाला, आठवत नाही. शुद्धीवर आलो तो कल्याणच्या एका गाड्यांच्या सामानाच्या दुकानात, प्लास्टिकची लिंबू-मिरची आणि मान डोलावणारी कुत्री यांच्यामध्ये. तिथे मला फार गर्व झाला. बाकीचे नुसती शोभा, मी म्हणजे साक्षात शिक्षण! प्रत्यक्षात मला एकच अक्षर येत होतं, आणि तेही मीच होतो. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला कुणाची परवानगी लागते?

मला विकत घेतलं शेवंतीबाईंनी. वय साठीच्या घरात, ठाकुर्लीजवळचं जुनं आगरी घर. पूर्वी भातशेती होती, आता त्या जमिनीवर इमारती आहेत आणि अंगणात दोन गाड्या. एक मुलाची, धनेशची. दुसरी शेवंतीबाईंच्या यजमानांची, ते गेल्यापासून उभीच असलेली. दोन्ही गाड्यांत शेवंतीबाईंची जागा ठरलेली, मागची.

त्यांना गाडी शिकायची होती ती थोरल्या बहिणीसाठी. बायजा शहाडला एकटी राहायची आणि आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी कल्याणला न्यावं लागे. येताना ती इतकी गळून जाई की रिक्षात बसवत नसे. धनेश, भाचे, पुतणे सगळे "हो, नेतो ना" म्हणत, आणि ऐन वेळी कुणाच्या मित्राची हळद निघे, कुणाचं साइटवर काम. एकदा अशीच तिची खेप चुकली, श्वास लागला आणि तिला ॲडमिट करावं लागलं.

"दारात दोन दोन गाड्या, आनि माझ्या बहिनीला न्यावाला मानूस नाय," शेवंतीबाई सुनेला म्हणाल्या. "दर्शना, मना शिकव."

दर्शना ठाण्याला नोकरी करते, स्वतः गाडी चालवते. सासूचं शिकाऊ लायसन्स तिनेच काढून दिलं आणि दर रविवारी सकाळी यजमानांच्या उभ्या गाडीवर शिकवणी सुरू झाली. मी मागे चिकटलेला, म्हणजे शिकण्याशी माझा संबंध फक्त पाठीचा. गाडी मध्येच बंद पडे, मागून भोंगे वाजत. मी ती सलामी समजून ताठ उभा राही.

दसरा आला. गाड्या धुतल्या, पूजा झाली. धनेशला मात्र माझी लाज वाटत होती.

"आई, नाक्यावर पोरं विचारतात मला. तुझी आई या वयात एल लावून फिरते काय रे?"

त्याने झेंडूची एक जाडजूड माळ आणली आणि बरोबर माझ्यावरून सोडली. वर हळदकुंकूही लावलं. मला वाटलं, अखेर कुणीतरी माझी योग्यता ओळखली! शिकाऊ पाटीचा देव झाला! फुलांखाली मी कुणाला दिसत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. डोकं आहे कुठे म्हणा.

त्याच दुपारी बायजाला न्यायचं होतं. दर्शनाला सुट्टी, म्हणून दोघी निघाल्या. ठाकुर्लीच्या पुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. पुढची गाडी हलली, शेवंतीबाईंनी क्लच घाईने सोडला, गाडी बंद पडली आणि सरकत मागे गेली. मागे रिक्षा होती. खळ्ळकन तिचा दिवा फुटला.

रिक्षावाला उतरला. "ओ मावशी, शिकताय तर एल लावा ना! दिसला असता तर मी एवढा चिकटलो असतो का?"

"लावलाय की," दर्शना म्हणाली.

"कुठाय?"

तिघंही फुलांकडे बघत राहिली. आत मी, सणाचा नटलेला मूर्ख.

शेवंतीबाईंनी हात घालून माळ खस्सकन ओढून काढली. "दिवा मी भरून देतंय, दादा. पन शिकतंय मी. त्यात लपवाचा काय?"

रिक्षावाल्याचा रागच गेला. "मग सावकाश घ्या मावशी. मी लांब राहतो," म्हणाला, आणि पूल संपेपर्यंत हात बाहेर काढून मागच्यांनाही थोपवत राहिला.

घरी धनेश म्हणाला, "बस झालं आता, आई."

"लहानपनी पडलास म्हनून चालाचा सोडलास काय?" शेवंतीबाईंनी विचारलं. धनेश जेवायला बसला.

पहिल्या टेस्टला त्या नापास झाल्या. दुसऱ्यांदा पास. आमचा धंदा असा की काम फत्ते झालं की पहिली आपलीच नोकरी जाते. मला सोडवून डिकीत टाकलं, जॅक आणि फडक्यांच्या शेजारी. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. पण वर गाडी नीट चालत होती, आठवड्यातून दोनदा शहाड, तिथून कल्याण. बायजाची खेप पुन्हा चुकली नाही. माझ्या दुःखापेक्षा ते मोठं होतं, हे समजायला मला अंधारात बरेच दिवस लागले.

परवा सकाळी निघण्याआधी बायजाच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत गाडी थांबली होती.

"शेवंते, मना पन शिकव ना गो."

"तुना? आता?"

"चार चार तास त्या खाटंवर पडून रवाचा. डोक्यात घोळवाला काय तरी नवा पायजे ना?"

मग डिकी उघडली आणि शेवंतीबाईंनी मला उचलून, पदराने पुसून, पुन्हा मागे लावलं.

तर मंडळी, एकाच अक्षरावर आयुष्य काढलेल्या माझ्याकडून शहाणपण घेऊ नका. पण तुमच्या घरी कुणी "मला शिकव" म्हणालं, तर त्याचं वय विचारू नका. आता मला रजा द्या. गाडी हातभर पुढे जाऊन बंद पडली आहे, आत दोघी बहिणी हसत सुटल्या आहेत, आणि बायजाने पुन्हा चावी फिरवली आहे.